केसपेपर तीन, माणूस एकच

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ३१. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी, घरी आई आणि धाकटी बहीण. २६व्या वर्षी अंथरुणातून उठवेनासं झालं. पहिल्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून एस्सिटालोप्राम सुरू केली. दीड महिन्यात इतकं छान वाटू लागलं की त्या दिवाळीत रोज रात्री तीनपर्यंत जागून फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, पावणेदोन लाखांचं कर्ज काढलं, निम्म्या नातेवाइकांशी भांडण झालं. डिसेंबरात पुन्हा अंथरूण. दुसऱ्या डॉक्टरांनी बायपोलर (मन कधी फार उंच, कधी फार खाली जाण्याचा आजार) सांगितलं. लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) आणि रात्रीची क्वेटियापिन यांवर पुढची काही वर्षं बरी गेली, पण वजन ११ किलो वाढलं आणि हात थरथरू लागला. गेल्या वर्षी एका समुपदेशकांना पहिल्यांदाच सांगितलं की लहानपणी एका नातेवाइकाने अत्याचार केला होता. ते म्हणाले, 'हे बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत हेलकावणारा व्यक्तिमत्त्वाचा त्रास) आहे, ट्रॉमा (जुना आघात) आहे, इथे गोळ्यांचं काम नाही.' दोन महिन्यांपूर्वी लिथियम स्वतःच निम्मं केलं. आता झोप चार तासांवर आली आहे, मधूनच जगणं नको वाटतं. आई देवऋषाकडे चल म्हणते, मावशीने स्थळ आणलंय. प्रश्न असा : 'तिघांपैकी खरं निदान कुणाचं? गोळ्या सोडून फक्त समुपदेशन घेतलं तर चालेल का?'

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे येण्याआधी पत्रातल्या दोन गोष्टी आधी हाताळायला हव्यात, कारण त्या थांबणाऱ्या नाहीत. निम्मं केलेलं लिथियम आणि चार तासांची झोप.

लिथियमचा डोस एकदम उतरला की उंच काळ, म्हणजे त्या दिवाळीसारखा उन्मादाचा काळ, परत येण्याचा धोका वाढतो. कमी करायचंच ठरलं, तरी डॉक्टर ते किमान चार आठवड्यांत, शक्य असेल तर तीन महिन्यांत हळूहळू करतात. म्हणून लिथियम लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पुढच्या तारखेची वाट न पाहता उद्याच फोन करा. तीन गोष्टी सांगा : आधी किती घेत होते, आता किती घेते आणि कधीपासून, रात्री किती तास झोप होते. चौथी गोष्ट ते विचारतील, तिचं उत्तर तयार ठेवा : चार तास झोपून सकाळी अंग मोडून येतं, की चार तासांतच ताजंतवानं वाटतं? पहिली नुसती उडालेली झोप असू शकते. दुसरी बहुतेक वेळा उंच काळाची चाहूल असते. फोन होईपर्यंत उरलेला निम्मा डोस चालू ठेवा. घाबरून पुन्हा पूर्ण करू नका आणि वैतागून उरलेलाही सोडू नका.

जगणं नको वाटतं, हे बहिणीला आज याच शब्दांत सांगा. 'बरं वाटत नाही' असं म्हटलं तर समोरचा डोकेदुखी समजतो. घरातल्या सगळ्या गोळ्या तिच्याकडे राहू द्या आणि तुमच्याजवळ फक्त आठवड्याचा डबा ठेवा. बरीच घरं ही काळजी घेतात, यात अविश्वास नाही. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. विचार नुसता विचार न राहता त्याची तयारी मनात सुरू झाली, तर फोनवर थांबू नका, बहिणीला घेऊन थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथे नेलं तर पोलीस केस होईल, ही भीती खेडोपाडी अजून आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानली आहे.

आता तुमचा प्रश्न. 'तिघांपैकी खरं कुणाचं?' यात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, की एक बरोबर असेल तर बाकीचे दोघे चूक. मला तसं वाटत नाही. पहिल्या डॉक्टरांसमोर तुम्ही पडत्या महिन्यात गेलात, त्यांना उदासी दिसली. दुसऱ्यांसमोर दिवाळी घडून गेलेली होती, म्हणून त्यांना दोन टोकं दिसली. तिसऱ्याने लहानपणाबद्दल विचारलं, म्हणून त्याला जखम दिसली. तिघांनी तुमच्या आयुष्याचे तीन वेगवेगळे तुकडे पाहिले. मनाच्या आजाराचं नाव रक्तातून किंवा स्कॅनमधून निघत नाही. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासतात ते दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला. नाव ठरतं ते काळावरून : काय झालं, किती दिवस टिकलं, आधी काय घडलं होतं, कशाने उतरलं.

हे दिवस मोजणं फार उपयोगाचं आहे. उदासीचं निदान करताना किमान दोन आठवडे सलग लक्षणं धरतात. उंच काळ पूर्ण उन्मादाचा म्हणायचा तर साधारण आठवडाभर, सौम्य प्रकारात चार दिवस, आणि त्यात झोपेची गरजच कमी झालेली. बॉर्डरलाइनमध्ये मन तासातासाला हेलकावतं. बहुतेक वेळा कुणाशी तरी बिनसल्यावर, कुणी सोडून जाईल या भीतीने, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा वेगळंच. लहानपणच्या दीर्घ अत्याचारानंतर येणाऱ्या त्रासाला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' असं वेगळं नाव आहे. जुनी गोष्ट आत्ता घडतेय असं वाटणं, त्या आठवणी टाळणं, सतत सावध असणं, आणि त्यासोबत भावना न आवरणं, स्वतःबद्दल घाण वाटणं, कुणाच्या जवळ जाता न येणं. याचं आणि बॉर्डरलाइनचं रूप इतकं मिळतंजुळतं असतं की अनुभवी माणसालाही एका भेटीत सांगता येत नाही. आणि यातलं एक असलं म्हणून दुसरं नसतं असं मुळीच नाही. बायपोलर असलेल्या माणसाला लहानपणची जखमही असू शकते. तुमच्या समुपदेशकांनी ती जखम ऐकून घेतली, हे त्यांनी मोठंच काम केलं. 'गोळ्यांचं काम नाही' हे वाक्य मात्र त्यांनी म्हणायला नको होतं. ज्या बाईला उदासीच्या गोळीवर असताना दीड महिन्यात तशी दिवाळी येते, तिच्या बाबतीत तर नाहीच.

म्हणून माझ्या मते चौथ्या नावाच्या शोधात चौथ्या डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा एक काम आधी करावं. तुमच्याकडे तीन केसपेपर आहेत, पण तिघांपुढे ठेवता येईल असा एकही कागद नाही. तो तुम्हीच बनवायचा आहे. एका रविवारी दोन तास लागतील.

कॅलेंडरचं जुनं मोठं पान घ्या, त्याच्या कोऱ्या बाजूवर मधोमध आडवी रेघ मारा. डावीकडे बारावी, उजवीकडे हा महिना. तारखा आठवत नाहीत, म्हणून आधी खुणा टाका : परीक्षा, नोकरी लागली तो महिना, घरातलं लग्न, कुणी गेलं ते, दिवाळ्या, गणपती. मग रेघेच्या वर उंच काळ आणि खाली पडते काळ काढा. प्रत्येकासमोर तीनच गोष्टी लिहा : अंदाजे किती दिवस, रात्रीची झोप किती तास, आणि कामावर जाता आलं का. त्याखालच्या ओळीत घरात काय चाललं होतं ते. सगळ्यांत खाली औषध : नाव, मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी आणि का बंद. नावं आठवत नसतील तर जुन्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, मोबाइलमधले पट्ट्यांचे फोटो बघा. आधीच्या दवाखान्यातून आपल्या उपचारांचे कागद मागण्याचा हक्क २०१७च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पान झालं की बहिणीला दाखवा आणि तिच्या पेनाने तिला भर घालू द्या. हे महत्त्वाचं आहे. उंच काळात आपण बरे झालोय असंच वाटत असतं, तो काळ बाहेरून कसा दिसत होता हे शेजारच्याच माणसाला माहीत. दिवाळीबद्दल तुम्ही लिहिलंत 'खूप छान वाटत होतं', बहीण कदाचित लिहील 'बोलणं मधे तोडता येत नव्हतं'. दोन्ही वाक्यं डॉक्टरांना हवी आहेत.

पुढच्या दोन महिन्यांसाठी रोज एक ओळ : झोपेचे तास, मनाचा आकडा उणे पाच ते अधिक पाच, पाळीचे दिवस, चुकलेली गोळी, आणि काही बिनसलं असेल तर चार शब्द. पाळी लिहायची कारण काही जणींची पडझड दर महिन्याच्या ठरावीक आठवड्यात येते आणि लिहिल्याशिवाय ते ध्यानात येत नाही. ओपीडीत वाट्याला दहा मिनिटं येतात. त्यात 'कसं वाटतंय'चं उत्तर शोधत बसण्यापेक्षा हा कागद टेबलावर ठेवा.

लिथियमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे औषध अर्धवट माहितीवर घेणारे वाचक बरेच असतात. चांगलं काम करणारा डोस आणि विषारी डोस यांत अंतर कमी, म्हणून ते रक्त तपासून घ्यायचं औषध आहे. देखभालीसाठी रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) ठेवतात, काहींना १.० पर्यंत. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. इथेच चुकतं. माणूस चहाबरोबर सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जातो, रिपोर्ट १.३ येतो, घाबरून डोस कमी होतो आणि महिन्याभरात आजार उलटतो. तशीच दुसरी चूक लॅबकडून होते : लिथियम हेपरिन घातलेल्या नळीत रक्त घेतलं तर आकडा खोटाच वर येतो. 'लिथियम लेव्हलसाठी रक्त आहे' असं नळीत घेण्याआधी सांगा. डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी तपासणी, पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, आणि सहा महिन्यांतून एकदा क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम. टीएसएच टाळू नका. लिथियमने थायरॉइड मंदावतं, आणि मंद थायरॉइड हुबेहूब उदासीसारखं दिसतं.

पातळी अचानक वर चढते ती पाणी कमी पडलं की. उलट्या-जुलाब, एप्रिल-मे मधलं ऊन, आणि आपल्याकडे निर्जळी उपवास. हरतालिकेला तुमच्याकडे पाणीही घेत नसतील तर यंदा तो नेम आईशी बोलून बदला. कोणी सांगितलं म्हणून मीठ एकदम तोडू नका, मीठ घटलं की लिथियम अंगात साचतं. पाळीच्या दुखण्यासाठी मेडिकलमधून मिळणारी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी, अंगदुखीची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, या सगळ्यांनी पातळी वाढते. दुखलं तर पॅरासिटामॉल. बीपीच्या काही गोळ्याही हेच करतात, म्हणून कुठल्याही डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिलं वाक्य 'मी लिथियम घेते'. हात जोरजोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं, ग्लानी यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

तुम्ही लिहिलंत की लोकांसमोर चहा घेताना कप बशीत वाजतो, म्हणून पतसंस्थेत तुम्ही चहाच सोडलात. हे वाचून वाईट वाटलं, कारण यावर उपाय होता आणि तो विचारायची वेळ तुम्हाला कुणी दिली नाही. बारीक थरथर हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. सावकाश विरघळणारी गोळी, सगळा डोस रात्री एकदाच, पातळी थोडी खालच्या बाजूला ठेवणं, किंवा दमा नसेल तर प्रोप्रानोलॉल, यातलं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. चहा कमी करायचाच तर हळूहळू. पाच कपांवरून एकदम शून्यावर आलात तर लिथियमची पातळी थोडी वर जाते. वजनाचं खापर एकट्या लिथियमवर फोडू नका, क्वेटियापिनने भूक वाढते. लिथियमने तहान लागते आणि ती तहान सरबतांवर, थंड पेयांवर भागवली जाते. उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी मागून घ्या. त्यानंतर 'वजन मला झेपत नाही, म्हणून मी गोळी कमी केली' हे डॉक्टरांना लाजू नका, सांगा. औषध बदलता येतं. पण लपवून निम्मं केलेल्या डोसवर त्यांनी घेतलेला प्रत्येक निर्णय चुकीच्या पायावर उभा राहतो.

आता समुपदेशन. ते हवंच आहे, तुम्हाला तर नक्की, पण गोळ्यांच्या जागी नव्हे. बायपोलरचा उंच काळ बोलण्याने थांबत नाही, आणि लहानपणच्या जखमेवर लिथियम चालत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत. जखमेवरचं काम टप्प्याटप्प्याने होतं. आधी झोप, सुरक्षितता, भावना उसळल्या की स्वतःला जमिनीवर आणण्याच्या युक्त्या. आठवणींना हात लावायचा तो त्यानंतर. पहिल्याच तासात सगळं तपशिलाने काढून घेतलं आणि मग तीन रात्री झोप लागली नाही, तर वेग चुकला आहे. तसं सांगायचं, आणि चांगला उपचारक ते ऐकतो. विचारा : शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता, अत्याचारातून आलेल्या लोकांबरोबर काम केलंय का, भेटींच्या मधे मला कोसळायला झालं तर काय करायचं, आणि माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? या शेवटच्या प्रश्नाला नकार आला तर दुसरं कुणी शोधा. होकार आला तर दोघांनी एकमेकांशी बोलायला हरकत नाही, असं दोन ओळींचं संमतिपत्र सही करून दोघांना द्या. डॉक्टरांना सगळी जुनी गोष्ट कळायलाच हवी असं नाही, 'लहानपणी अत्याचार झाला आहे, तपशील समुपदेशकांना माहीत आहेत' एवढं पुरतं.

तो नातेवाईक अजून सणावाराला घरी येतो, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय. ती ओळ समुपदेशकांना वाचून दाखवा. तो येणार त्या दिवशी तुम्ही घरी असायलाच हवं असं नाही. आईला सांगायचं का, तक्रार करायची का, हे निर्णय तुमचे, घाई नसलेले, आणि झोप चार तासांवर असताना घ्यायचे नाहीत.

पैशांचं. खासगीत दर महिन्याला जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. तुमच्या बाजूला मिरज आणि कोल्हापूर. इतर वाचकांसाठी : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीची संस्था इथे दाखल न होता नुसतं बाह्यरुग्ण म्हणूनही जाता येतं. लिथियम स्वतः स्वस्त औषध आहे, खर्च होतो तो तपासण्यांवर, आणि त्या सरकारी ठिकाणी करून घेता येतात का ते आधी विचारा. विभाग कुठलाही निवडा, पण औषधाची चिठ्ठी एकाच डॉक्टरांची. दोन ठिकाणच्या चिठ्ठ्या एकत्र चालल्या की झोपेची तीच गोळी दोन नावांनी पोटात जाते. क्लोनाझेपाम तर काही आठवड्यांत सवय लावते आणि एकदम सोडली तर फिट येऊ शकते.

आईशी भांडू नका. तिला मुलगी बरी व्हायला हवी आहे आणि तिला माहीत असलेला रस्ता ती दाखवते. कुलदैवताला जाऊन या, ओटी भरा. दोन अटी तिच्याकडून कबूल करून घ्या : गोळी चुकायची नाही, आणि उपाशी ठेवणं, मारणं, कोंडणं असलं काही होणार नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉक्टरांकडे एकदा तिलाही न्या, तिचे प्रश्न तिला विचारू द्या.

स्थळाला सहा महिने थांबायला सांगा. पुढे जेव्हा बघाल तेव्हा पहिल्या भेटीत फाईल उघडायची गरज नाही, पण साखरपुड्याआधी मुलाला सांगायचं, तुम्ही स्वतः. झाकून केलेल्या लग्नात गोळ्याही झाकाव्या लागतात, आणि मग त्या चुकतात. कुणी व्हॅल्प्रोएट (बायपोलरवरचंच दुसरं औषध) सुचवलं तर तुमचं वय आणि मूल होण्याची शक्यता लगेच बोलून दाखवा. त्या औषधाने गर्भाला मोठा धोका असतो. मूल हवं असेल तेव्हा लिथियमचंही काय करायचं ते डॉक्टरांशी आधी बोलून ठरवायचं, दिवस राहिल्यावर घाबरून एकदम सोडायचं नाही.

झोप पुन्हा सहा-सात तासांवर स्थिर झाली की एक कागद अजून. तोच २०१७चा कायदा कुठल्याही सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवायची मुभा देतो, की मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं. बहिणीचं नाव घालायचं ठरलं तर आधी तिला विचारा. त्याच पानावर खाली तुमच्या चाहुली लिहा. माझ्या अंदाजाने पहिली हीच असेल : सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोपून सकाळी ताजं वाटणं. तसं झालं की तिने कुणाला फोन करायचा, एटीएम कार्ड आणि कर्जाची अ‍ॅप किती दिवस तिच्याकडे राहतील, पतसंस्थेत रजेसाठी काय सांगायचं. हे तुम्ही शांत असताना, तुमच्या अक्षरात असलं, की त्या रात्री तिला तुमच्याशी वाद घालावा लागणार नाही. ती फक्त कागद पुढे करेल.